जुलाबाचं औषध

बालवाडीच्या बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली ती दोन बोटांच्या चिमटीत धरून. प्लॅस्टिकची पिशवी, गाठीवर गाठ मारलेली. आत माझ्या लेकीची चड्डी. एवढ्या गाठी माणूस सोन्यालाही मारत नाही.

"आजपण झालं," बाई म्हणाल्या. "हे बघा, आम्ही समजून घेतोच आहोत..."

'आम्ही समजून घेतोय' असं कुणी म्हणालं की ओळखावं, समजून घेणं आत्ताच संपलं.

"...पण सतत जुलाब होणारं मूल आम्हाला ठेवता येत नाही. बाकीचे पालक बोलतात. सोमवारी कोरडी राहणार असेल तर आणा. नाहीतर दुसरी काहीतरी सोय बघा."

"कुठंय ती?"

बाईंनी हनुवटीनं दाखवलं. दाराजवळ चपलांच्या मांडणीला लागून एक छोटी पिवळी खुर्ची होती, खुर्चीखाली वर्तमानपत्र अंथरलेलं. खुर्चीवर माझी मुलगी बसली होती, वर्गाकडे पाठ करून. अंगात कुणातरी मोठ्या मुलाची चड्डी, कमरेला दोनदा दुमडलेली. समोर काय, तर चपला. ती त्यांचे जोड लावत बसली होती.

"इथं का बसवलंय हिला?"

"वास येतो हो," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण मला दुकानातून तासाभराचीच सवड मिळाली होती, म्हणून ती आग मस्तकातच ठेवून मी लेकीला कडेवर घेतलं. बटण तिचं लाडाचं नाव. जन्मली तेव्हा सगळ्या चेहऱ्यावर नाकाच्या जागी एक बटण शिवलंय असं दिसायचं. मला उशिरा झालेली, एकुलती एक. कडेवर येताच ती माझ्या कानात म्हणाली, "आई, मी नाही केलं. ते आपोआप येतं."

"माहितेय."

खरं तर मला काहीही माहीत नव्हतं.

*

सुरुवात अशी झाली. बटणला एकदा शीला कडक खडा झाला. लहान पोरांना होतो तसाच, पण जाताना चिरलं, रक्ताचा ठिपका दिसला आणि पोरगी घाबरली. तेव्हापासून कळ आली की ती पडद्यामागे जाऊन चवड्यांवर उभी राहायची. पाय एकमेकांत घट्ट, चेहरा लाल, डोळे छताला. आम्हाला वाटायचं बिचारी जोर लावतेय. ती जोर लावतच होती, पण आत ठेवण्यासाठी. हे आम्हाला नंतर कळलं, तोवर सासूबाई तिला "हं, लाव, लाव जोर!" म्हणून टाळ्या वाजवत होत्या.

मग नवरा तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. मला जाता आलं नाही. मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसते, काचा घासून फ्रेममध्ये बसवते. त्या दिवशी काचांचा ढीग पडला होता. नवरा फरश्या बसवतो. हाताचा इतका पक्का की त्याच्या फरशीवरून पाण्याचा थेंब सांगाल तिकडे जातो. डोक्याचं तेवढं सांगता येत नाही. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ समजावलं, चिठ्ठी लिहून दिली. यानं चिठ्ठी खिशात घातली, कामावर गेला, चिठ्ठीच्या मागच्या बाजूला कुणाच्यातरी मोरीची मापं लिहिली आणि ती गवंड्याला देऊन टाकली. संध्याकाळी औषधाच्या दुकानात उभं राहिल्यावर त्याला खिसा रिकामा सापडला.

पण आठवण होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "घाबरू नका, जुलाबाचं साधं औषध देतेय."

म्हणून हा काउंटरवर म्हणाला, "पोरीसाठी जुलाबाचं औषध द्या."

औषधवाल्यानं पुड्यांचा खोका दिला. वर हसरे, गोलमटोल, हात हलवणारे जंतू. "चांगले जंतू आहेत," तो म्हणाला. "एकदम नैसर्गिक. पाणी भरपूर पाजा."

घरी आल्यावर त्या खोक्याचं काय कौतुक! बटणनं प्रत्येक जंतूला नाव ठेवलं. सासूबाईंनी चष्मा लावून खोका उलटासुलटा पाहिला. "जंतू विकत आणायची वेळ आली," त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी घरात फुकट होते." तरी त्याच रोज न चुकता पुडी दुधात कालवायच्या. मनानं वाईट नाहीत. फक्त त्यांच्या मनाचं बोलणं तोंडापर्यंत येईतो आंबतं.

मी पण समाधानी होते. औषध सुरू आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, अजून काय पाहिजे?

आणि मग चड्ड्या खराब व्हायला लागल्या. दिवसातून कितीदातरी थोडं थोडं, पातळ, घाण वासाचं. सगळ्यांनी एकच अर्थ काढला. औषध लागू पडलं, जरा जास्तच लागू पडलं. सासूबाई म्हणाल्या, "जुलाब लागलेत तिला. जुलाबाचं औषध देता, मग जुलाब लागणारच. पुडी अर्धी करा." केली अर्धी. तरी थांबेना. पोट मात्र फुगत गेलं. पोरगी जेवेना. आणि ती चवड्यांवरची कसरत चालूच.

जुलाब होणारं मूल पाय आवळून का उभं राहील, हा प्रश्न आमच्या घरात तीन शहाण्या माणसांपैकी एकालाही पडला नाही.

*

पिशवी घेऊन घरी आले त्या संध्याकाळी सासूबाईंनी निकाल दिला. "मुद्दाम करते ती. खेळातून उठायचा कंटाळा. दोन रट्टे दिले असते तर केव्हाच सरळ झाली असती."

"आई, ती म्हणतेय आपोआप येतं."

"आपोआप पाऊस येतो. लंगोट बांधा परत. चारचौघांत लाज वाटली की बरोबर थांबेल."

बटण कोपऱ्यात खेळत होती. तिनं बाहुलीला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं आणि बाहुलीखाली कागद घातला होता.

नवरा म्हणाला, "अगं, थोडे दिवस घरी राहू दे तिला. आई आहेच. सोमवारचं सोमवारी बघू."

एरवी मी नवऱ्याला अहो म्हणते. रागात माझं 'अहो' गळून पडतं आणि खालून 'अरे' निघतं. "अरे, त्या बाहुलीकडे बघ!" मी ओरडले. "बघ तिनं काय शिकून आणलंय बालवाडीतून! गाणी नाही, अंक नाही, हे शिकून आणलंय! पोर स्वतःला घाण समजायला लागलीय आणि तू सोमवारचं सोमवारी बघणार?"

त्यानं बाहुलीकडे पाहिलं. मग बराच वेळ स्वतःच्या हाताकडे, बोटांच्या पेरांत सुकलेल्या सिमेंटकडे.

सासूबाई उठल्या, बाहुली उचलली, तिचं तोंड खोलीकडे केलं आणि भांडी घासायला गेल्या. भांडी मात्र अशी आपटली की शेजाऱ्यांना सगळं कळलं असेल.

*

शनिवारी सकाळी मीच बटणला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. तावातावात, हातात पुड्यांचा खोका.

"तुमच्या औषधानं पोरीला जुलाब लागलेत," मी खुर्चीवर टेकायच्या आत म्हणाले. "बालवाडीतून काढताहेत तिला. एवढ्याशा जिवाला एवढं जालीम औषध देतात का?"

त्या उठल्या. बटणला टेबलावर झोपवलं, हात चोळून गरम केले आणि पोट चाचपलं. डाव्या बाजूला त्यांची बोटं थांबली. मग माझा हात घेऊन तिथं ठेवला. आत घट्ट, गोल, उशीत दगड भरावेत तसं काहीतरी लागलं.

"हे जुलाब झालेल्या मुलाचं पोट वाटतं तुम्हाला?"

माझा ताव अर्धा झाला.

"रोज पूड देताय ना?"

"रोज. ही बघा." मी खोका पुढे केला.

त्यांनी खोका पाहिला. "हे काय आहे?"

"जुलाबाचं औषध."

"हो, पण हे जुलाबाचं औषध आहे."

"तेच म्हणतेय मी!"

"अहो, मी तुम्हाला जुलाबाचं दिलं होतं. हे जुलाबाचं आहे!"

आम्ही दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. टेबलावरून बटण म्हणाली, "आई, डॉक्टर वेड्या आहेत का?"

आणि तेव्हा ते माझ्या डोक्यात उतरलं. खोकल्याचं औषध खोकला थांबवतं. तापाचं औषध ताप घालवतं. औषधवाल्यानं जुलाबाचं औषध म्हणजे जुलाब थांबायला द्यायचं, असा अर्थ घेतला. डॉक्टरीणबाईंनी म्हटलं होतं ते जुलाब व्हावेत म्हणून द्यायचं. एकच शब्द, ज्याला वाहणं आणि थांबवणं दोन्ही चालतं. आमच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन 'मला लांबचा चष्मा आहे' म्हणतं, तेव्हा आमचा मालक विचारतो, "चष्म्याचं राहू दे बाबा, तुला दिसत काय नाही ते सांग." औषधवाल्यानं एवढंच विचारलं असतं, पोरीला होतंय काय?

"मग हे जे चड्डीत येतंय ते?" मी विचारलं.

"मोरीच्या नळीत बोळा अडकला तर काय होतं? वरचं पाणी कडेकडेनं झिरपतं. तसं. आतला गोळा इतका मोठा झालाय की जागा ताणली गेलीय, हे झिरपणं तिला कळतच नाही. ती मुद्दाम करत नाही. तिला थांबवताच येणार नाही."

"आणि हे चांगले जंतू?"

"यांनी तिचं वाईट केलं नाही. पण यांनी बद्धकोष्ठ बरं होतं असं मला खात्रीनं सांगता येत नाही. असा अडकलेला गोळा तर यांच्यानं हलायचा नाहीच. त्याला मऊ करणारी पूड लागते, पाण्यात विरघळणारी. मी तीच लिहिली होती. आधी जास्त देऊन मोकळं करायचं, मग कमी करून कितीतरी महिने रोज. मध्येच बंद नाही करायची."

"महिने? सासूबाई म्हणतात सवय लागते. आतडं आळशी होतं म्हणे."

"या पुडीनं होत नाही. ताणलेलं आतडं पूर्वपदावर यायला वेळ लागतो. लोक दोन दिवस बरं वाटलं की बंद करतात, आणि पुन्हा खडा, पुन्हा भीती." त्या थांबल्या. "आणि एक ऐका. पहिले काही दिवस चड्ड्या आणखी खराब होतील."

"सोमवारी तिला कोरडी पाठवायचीय."

"नाही होणार सोमवारी कोरडी."

मला त्यांचाही राग आला. खरं बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा. "हे सगळं पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं होतं. तिच्या वडिलांना." मग त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पण 'जुलाबाचं' म्हणायला नको होतं. आता नाही म्हणणार."

डॉक्टर चूक कबूल करतात तेव्हा भांडायला जागा उरत नाही. मी तो राग जपून पुढच्या दुकानात नेला.

औषधवाल्याला मी खोका काउंटरवर आपटून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुमच्या मिस्टरांनी जे मागितलं ते मी दिलं."

"त्यानं विष मागितलं असतं तर विचारलं असतंत ना, कशाला पाहिजे?"

"तसं नाही, पण रोज इतकी माणसं येतात..."

"मग त्यांनाही विचारा. तोंड आहे ना? ते फक्त 'एकदम नैसर्गिक' म्हणायला दिलंय का देवानं?"

मागच्या रांगेतलं कुणीतरी हसलं. औषधवाल्यानं गुमान नवी पूड काढली, आणि मी न सांगताच त्यानं मोठ्यानं वाचलं, "बद्धकोष्ठासाठी." मग पुन्हा माझ्याकडे बघून, "संडास मऊ होण्यासाठी. बरोबर?"

"आता बरोबर."

*

घरी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो मटकन खाली बसला. मला वाटलं आता म्हणेल, दुकानदाराची चूक. तसं म्हणाला असता तर मी काय केलं असतं ते लिहायची सोय नाही. पण तो म्हणाला, "मोरीची मापं. कुणाच्यातरी मोरीसाठी..." त्यानं रिकामा खिसा चाचपला. मग विचारलं, "डॉक्टर अजून काय म्हणाल्या?"

"जेवणानंतर बसवायचं. पाय लोंबकळता कामा नयेत, टेकले पाहिजेत."

तो गच्चीवर गेला. उरलेल्या फरशीचे तुकडे जोडून त्यानं एक पायरी केली, कडा घासून गुळगुळीत. वर एक निळा तुकडा बसवला, बटणच्या पावलाएवढा. तो माफी मागत नाही, बसवतो.

रविवारी दुपारी पुडीनं काम सुरू केलं. बटण पडद्यामागे पळाली. मी पडदा सरकवला तर तिनं माझा हात चावला. "नाही! दुखतं! नाही यायचं!"

"आता मऊ असेल. औषध बदललंय."

"नाही! शी घाण असते! बाई म्हणतात!"

"काय म्हणतात बाई?"

"मी म्हणते बाई, शी आली. बाई म्हणतात, शी! मग सगळे म्हणतात, शी! शी!"

दोन्ही हातांनी नाक दाबून तिनं दाखवलं. हुबेहूब. मी तिथंच भिंतीला टेकून बसले. आमच्या भाषेचा तरी काय कारभार! ज्या शब्दानं पोरानं मागायचं, त्याच शब्दानं त्याला हाकलायचं.

मी काही बोलायच्या आत सासूबाई मागून आल्या. गुडघे धरत खाली बसल्या, निळ्या पायरीवर हात ठेवला. "ही बघ, बाबांनी तुझ्यासाठी केलीय. राणीची पायरी. आणि तुझ्या त्या बाईंना म्हणावं, माझी आजी सांगते, जगात शी न करणारं माणूस एकच, फोटोतलं."

बटण हसली. हसताना पोट सैल होतं, हे कुणी डॉक्टरांना सांगायला नको. पुढचं सांगत नाही. इतकंच, की आम्ही चौघंही त्या एवढ्याशा संडासाच्या दारात उभे होतो आणि नवरा म्हणाला, "बाप रे, एवढं हिच्यात राहिलं कुठं?" सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "आणि मी रट्टे द्यायला निघाले होते," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही.

*

सोमवारी बटण कोरडी नव्हती. निघताना एकदा चड्डी बदलली, वाटेत पुन्हा. तरी मी तिला घेऊन बालवाडीत गेले. एका हातात लेक, दुसऱ्या हातात पिशवीत फरशीची पायरी. वजन असं की खांदा निखळावा.

बाई दारातच आडव्या. "कोरडी आहे का?"

"नाही. पण जुलाब नाहीत तिला. बद्धकोष्ठ आहे. कडेनं झिरपतं, तिला कळत नाही. औषध चालू आहे. लागण होणारं काही नाही." मी एका दमात सगळं सांगितलं.

"ते ठीक आहे हो, पण वास येतो. पालक..."

"आणि ती अजूनही का दाबून धरते, विचारा ना. तुम्ही पोरांच्या शीला शी म्हणता म्हणून."

"मग काय म्हणू?"

"म्हणा काहीही. पण नाक दाबून नका म्हणू. ती घरी बाहुलीला कागदावर बसवते, भिंतीकडे तोंड करून. तुम्ही शिकवलंत."

बाईंचा चेहरा उतरला, पण त्या आडव्याच राहिल्या. "माझ्या हातात नाही. नियम आहे."

"असू दे." मी बटणला आत सोडलं. पायरी मुलांच्या संडासात नेऊन ठेवली. परत आले आणि चपलांच्या मांडणीजवळच्या पिवळ्या खुर्चीवर बसले. खुर्ची पोरांची, माझं अर्धं अंग बाहेर. वर्गाकडे पाठ केली.

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"वास येणाऱ्याची जागा ना ही? मी बसते. कुणा पालकाला वास आला तर सांगा, माझा आहे. आणि वर्तमानपत्र घाला खाली, राहिलंय."

"अहो, उठा, लोक येताहेत..."

"येऊ देत. मी समजून घेतेय."

पोरांना सोडायला आयाबाया येत होत्या. जी ती माझ्याकडे बघायची, मग बाईंकडे. दुकानातून मालकाचा फोन आला, मी उचलला नाही. हातांना काहीतरी काम हवं होतं, म्हणून मी चपलांचे जोड लावायला लागले. तेव्हा कळलं, ती का लावत होती.

वर्गात गाणं सुरू झालं होतं. मध्येच बटणचा आवाज आला. बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बाई, मला शी आलीय."

गाणं थांबलं. मी मान वळवली. बाईंचा हात सवयीनं नाकाकडे निघाला होता. अर्ध्यावर आला, माझी नजर दिसली, आणि तो हात खाली जाऊन बटणपुढे पसरला.

"चल," बाई म्हणाल्या.

दोघी आत गेल्या. फरशीच्या पायरीवर दोन पावलं टेकल्याचा टप्प टप्प आवाज आला. मी चपलांचे आणखी चार जोड लावले. मग दाराआडून, घरी मारते तशी खणखणीत आरोळी, "झाली!"

वर्गातला एक पोरगा लगेच किंचाळला, "शी!"

"हो," आतून माझी मुलगी ओरडली, "शीच आहे!"